चूक कबूल

एका संगणकभाषेच्या मूळ लायब्ररीतली, म्हणजे सगळे प्रोग्रामर वापरतात त्या तयार कोडमधली, जुनी खोड तिने मोडली. दाबून लहान केलेली माहिती उलगडताना तो कोड मागितली तेवढी सगळी जमल्याशिवाय एक अक्षरही हाती देत नसे. लोकांचे निरोप वाटेतच अडकून पडायचे. आता जेवढं आलं, तेवढं लगेच मिळू लागलं.

नवी आवृत्ती निघाली आणि दुपारीच टोपणनावाने एक तक्रार येऊन आदळली. "आमच्या फाइली अर्ध्याच उघडतायत. सुरळीत चाललेल्या गाडीला खीळ घालणारा हा दीडशहाणा कोण? दुरुस्ती मागे घ्या!"

तिने सगळं पुन्हा तपासलं, मग शांतपणे लिहिलं, "पहिला घास मिळाला की तुमचा प्रोग्राम ताटावरून उठतोय. माहिती संपेपर्यंत त्याला वाचत राहू द्या."

मग उत्तर आलं, "महोदय, चूक माझीच होती. क्षमस्व."

संध्याकाळी नवरा बूट काढता काढता म्हणाला, "आज ऑफिसात एका कोडवरून मी कुणावर तरी उगाच तोंडसुख घेतलं. पण गृहस्थ भलता हुशार निघाला. पहिल्या घासाचं असं उदाहरण दिलं, की मी सरळ चूक कबूल केली."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "याने? चूक कबूल केली? जन्मात ऐकलं नाही मी!"

"मी वाचलंय, आई," सून म्हणाली. "फक्त 'महोदय'च्या जागी 'महोदया' हवं होतं."