पाणी पिणारं बी

"एकशे चौतीस." इंजिनिअर उर्रुतियांनी काट्यावरचा आकडा वाचला आणि मान वर केली. पाच दिवसांपूर्वी त्यांनी निवडुंगाचं शंभर ग्रॅम कोरडं बी पाण्यात घातलं होतं. आता ते टम्म फुगलं होतं. गावसभेने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते फारसं कुणाला कळलं नव्हतं. पण मेक्सिको सिटीहून आलेला माणूस बोलायचा थांबला की टाळी द्यायची, अशी गावाची रीत होती.

"पाणी प्यायलं म्हणजे बी जिवंत. जिवंत बी म्हणजे रोप," उर्रुतिया म्हणाले. "कोंब यायला तीन आठवडे लागतील, पण तेवढं थांबायचं कशाला? तुम्ही या ठरावावर सही करा. टेकडीवरचे म्हातारे निवडुंग उद्याच यंत्राने उपटू. पावसाळ्यात त्यांच्या जागी नवी रोपं, सरळ रांगेत."

सभेच्या दारातून टेकडी दिसत होती. तिच्यावरचे निवडुंग कुणी लावलेले नव्हते. कोल्ह्यांनी बोंडं खाल्ली, पाखरांनी खाल्ली, आणि जिथे त्यांची विष्ठा पडली तिथे झाड उभं राहिलं. रांग नव्हती, शिस्त नव्हती. बोंडं पिकली की टेकडी लाजल्यासारखी लाल व्हायची, आणि दोमितिलाआजीच्या कढईला सहा आठवडे उसंत नसायची. बोंडं आटवून ती वड्या करायची. त्या वड्यांवरच तिचं वर्ष निघायचं.

सगळ्या गावात ती एकटीच नको म्हणत होती.

"आजी, रांगेतली बोंडं तुला डोळे मिटून तोडता येतील," पुढच्या बाकावरचा बाल्तासार म्हणाला.

"डोळे मिटून तू मत दे, बाळा. बोंडं मी डोळे उघडे ठेवूनच तोडते."

सभेचे प्रमुख हिलारियो यांनी पेनाचं टोपण काढलं. "दोमितिला, शेवटचं विचारतो. काही म्हणायचंय?"

"एकच. साहेब, एवढं स्वच्छ बी मिळालं कुठून? आमच्या बोंडातलं बी गराला असं चिकटतं, की नखानंही सुटत नाही."

उर्रुतिया हसले. "तुमच्याच घरामागून. तुम्ही चर्चला गेला होतात. ढीगच्या ढीग पडले होते. तुम्ही लोक फेकता, विज्ञान उचलतं."

बायकांच्या बाजूने कुणीतरी शालीत तोंड खुपसून हसलं.

"तो ढीग कढईतला, साहेब," दोमितिला हळूच म्हणाली. "आमच्याकडे बोंडं आधी उकळतात, मग गाळतात. ते बी सहा तास उकळलंय."

हिलारियोंनी टोपण परत लावलं.

"शक्यच नाही." उर्रुतियांनी वाटी उचलून सगळ्यांना दाखवली. "पाच दिवस हे पाणी पितंय, माझ्या डोळ्यांदेखत. मेलेलं बी पाणी कसं पिईल?"

दोमितिलाने शाल सावरली.

"माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या सणाला, त्याच्या फोटोपुढे पाण्याचा ग्लास ठेवते. सकाळी बघावं तर दोन बोटं पाणी कमी. पण साहेब, उठून त्याने अजून एकदाही लाकडं फोडून दिलेली नाहीत."