जरा जास्त उजेडाचा

“जरा जास्त उजेडाचा दाखवा,” बसचालक म्हणाला आणि पिशवीतून जुना दिवा काढून त्याने काउंटरवर ठेवला. “हा म्हातारा झालाय. बटण पूर्ण फिरवलं तरी टाकीत अंधारच.”

शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक त्याच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने दिवा लावून पाहिला. काउंटर एकदम लख्ख झाला. चालकाच्या बायकोने डोळ्यांवर हात धरला.

“काका, हा तर ठणठणीत आहे.”

“इथे वाटतोय. घरी येऊन बघा.”

“टाकी केवढी आहे?”

“छोटीशीच. पण हिचं म्हणणं, मी घरात सवत आणून बसवलीय.”

“मग काय तर,” बायको म्हणाली. “माझ्याशी बोलत नाहीत तेवढं त्या प्रवाळांशी बोलतात.”

दुकानदार हसला. टाकीचा फोटो आहे का म्हणाला. बायकोने मोबाइलवर काढून दिला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला आणि त्याचं हसू ओसरलं.

“ही सगळी पांढरी कधी पडली?”

“पांढरी?” चालकाने मोबाइल घेतला. डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “छे, छे. फोटोत तशी आली असतील. जांभळी आहेत ती. कडेला हिरवी झाक आहे.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. प्रवाळ पांढरं पडून बरेच दिवस झाले होते. आधी जांभळा रंग विटला, मग राखेसारखा झाला, मग नुसती हाडं उरावीत तसं झालं. हा रोज टाकीसमोर स्टुलावर बसायचा आणि त्याबद्दल काही बोलायचा नाही. तिला वाटायचं, जिवाला लागलंय, म्हणून गप्प आहे. कशाला उगाच खपली काढा, असं म्हणून तीही गप्प राहिली होती.

“उजेड जास्त झाला की असं होतं, काका,” दुकानदार म्हणाला. “भाजून निघतात बिचारी. तुम्ही दिवा वाढवत गेलात. कमी करायला हवा होता.”

“कमी? अहो, मला आतलं काही दिसत नाही, आणि तुम्ही कमी करा म्हणता?”

दुकानदाराने शेजारशेजारच्या दोन टाक्यांवरचे दिवे लावले. “यातला जास्त कुठला वाटतो?”

चालक वाकला. या टाकीकडे बघितलं, त्या टाकीकडे बघितलं.

“दोन्ही सारखेच. मिणमिणते.”

पहिल्या टाकीच्या झगझगाटाकडे बायकोला धड बघवतही नव्हतं. दुकानदाराने हळूच दोन्ही दिवे बंद केले आणि उगाच फडकं घेऊन काच पुसायला लागला.

“अहो,” बायको म्हणाली. “संध्याकाळची पाळी कशापायी सोडलीत तुम्ही?”

“पाठ दुखते म्हणून. सांगितलं होतं की.”

“अहो.”

“पाठ पण दुखते गं. सकाळी दिसतं मला. ऊन असलं की स्वच्छ दिसतं.”

“आणि आभाळ आलं की?”

टाक्यांमध्ये पाण्याचे बुडबुडे वाजत होते. चालकाने जुना दिवा उचलला, उलटासुलटा केला, पुन्हा ठेवला.

“मागे बसभर माणसं असतात,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता.

“माहितीये.” मग तो म्हणाला, “उद्या डेपोत जाऊन सांगतो. डॉक्टरकडेही जाऊ.” आणि मग, जणू तिची समजूत घालत, “मला खरंच वाटलं, दिवाच गेलाय.”

दुकानदाराने खालच्या फळीवरून एक बुटका दिवा काढला. “हा निळसर आहे. मंद. ती अजून मेलेली नाहीत, काका, जीव आहे त्यांच्यात. याच्या उजेडात ठेवलीत तर रंग धरतील. सांगता येत नाही, पण धरतील.”

“यात यांना दिसेल?” बायकोने विचारलं.

दुकानदाराने तिच्याकडे बघायचं टाळलं. “प्रवाळांना मानवेल, काकू.”

“मग नको. तो मघाचा द्या, डोळे दिपवणारा. त्याच्याहून मोठा असला तर तो द्या. दिसू दे यांना. आहे तोवर दिसू दे.”

“वेडी आहेस का?” चालक म्हणाला. तिच्यावर तो असा कधी ओरडत नसे. तोही चपापला, आवाज खाली आणून म्हणाला, “अगं, भाजतायत ती. मी बघावं म्हणून किती जाळायचं त्यांना?” आणि दुकानदाराकडे वळून, “निळाच बांधून द्या.”

बाहेर दिवेलागण झाली होती. स्कूटरपाशी आल्यावर त्याने खिशातून किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि तिच्यापुढे केली. तिने ती घेतली. लग्नानंतर तो तिच्या मागे बसण्याची ही पहिलीच वेळ. एका हाताने त्याने खोकं पोटाशी धरलं, दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

मोठ्या चौकात सिग्नलपाशी ती थांबली. शेजारच्या गाड्या निघाल्या. मागचे हॉर्न वाजवायला लागले. कोणीतरी काहीतरी ओरडून बाजूने गेलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“लाल आहे अजून,” ती म्हणाली. हँडल सोडून तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले.

मागे हॉर्न वाजतच होते.

“असू दे,” तो म्हणाला. “सावकाश.”