बादलीतल्या रिंगा

"कार्बन काढलास ना?" अनिरुद्धने फोनवर विचारलं.

सुशांतचं डोकं सटकलं. माशांच्या टाकीच्या फिल्टरमधला कार्बन औषध पिऊन टाकतो, म्हणून औषध टाकायच्या आधी तो बाहेर काढायचा, हे ह्याला शिकवलं कोणी? सुशांतनेच. मागच्या वर्षी ह्याला फिल्टरच्या रिंगा आणि टाकीतले खडे ह्यातला फरक कळत नव्हता.

"काढला," तो म्हणाला.

मग अनिरुद्ध फिल्टरमधल्या सिरॅमिकच्या रिंगांवर आला. निळ्या औषधात त्यातले चांगले बॅक्टेरिया मरतील, टाकी परत पहिल्यापासून उभी करावी लागेल, त्यापेक्षा माझ्याकडे आण, गॅलरीत बादलीत एअरपंप लावून ठेवतो. आणि हीटर एकोणतीसवर ठेव, औषध संपलं तरी खाली आणू नकोस.

सुशांतच्या घाटकोपरच्या खोलीत बादली ठेवायला जागा नव्हती, हे खरं होतं. आणि त्याचे एंजल मासे आजारी होते, हेही खरं. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. दोन गेले होते. बाकीचे हीटरला चिकटून उभे.

नेमके ह्याच वेळी अनिरुद्धकडे डिस्कस मासे आले होते.

सुशांत शाळेत असल्यापासून डिस्कससाठी वेडा होता. कुर्ल्याच्या दुकानासमोर तासन् तास उभा राहायचा. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी. आणि आता ते कांजूरमार्गला, अनिरुद्धच्या हॉलमध्ये पोहत होते. ही बातमी त्याला दिली दिशाने. सुशांतच्या बायकोने.

दिशाचं ऑफिस अनिरुद्धच्या बिल्डिंगच्या मागेच. तिघं एकाच कॉलेजचे, त्यामुळे येता-जाता ती तिथे डोकावली तर कोणाला काही वाटायचं नाही. सुशांतलाही आधी वाटलं नव्हतं. पण ती घरी आली की बॅग ठेवायच्या आधी टाकीपाशी जायची आणि विचारायची, "ही कधी बरी होणार रे?" रोज तेच. वर एकदा म्हणाली, "आत्ता नवीन मासे आणू नकोस हां." म्हणजे सुशांतच्या हातात आला की मासा मेलाच.

रविवारी तो रिंगा स्टीलच्या डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून घेऊन गेला. दार अनिरुद्धच्या आईने उघडलं. रत्नप्रभाकाकू नेहमीसारख्या बोलत सुटल्या. तो मात्र टाकीकडे बघत होता. ताटलीएवढे गोल मासे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा. एकोणतीस अंशांच्या पाण्यात चौघं एका लयीत वळत होते.

"काल सकाळी सकाळी दिशा येऊन खायला घालून गेली," काकू म्हणाल्या. "तिच्याच हातचं खातात मेले. खरं सांगू सुशांत, ही पोरगी ना..."

"आई, चहा ठेव ना," अनिरुद्ध मध्येच म्हणाला.

काकूंनी जीभ चावली आणि हसत आत गेल्या.

काल सकाळी दिशा लवकर निघाली होती. मीटिंग आहे म्हणाली होती.

अनिरुद्धने डबा टीपॉयवर ठेवायला सांगितला. "आधी साबणाने हात धू. ओलं बोटही माझ्या टाकीत नको. बादलीत मासाच नाही म्हटल्यावर ते ठिपक्यांचे किडे उपाशी मरतील, मग ने रिंगा परत." एवढं सांगून तो गॅलरीत एअरपंप जोडायला गेला.

सुशांतने डबा उघडला. तीन-चार रिंगा उचलल्या, अनिरुद्धच्या फिल्टरचं झाकण वर केलं आणि त्याच्या रिंगांमध्ये सोडल्या. सगळ्या सारख्याच मळकट. कोणाच्या कुठल्या, देवालाही कळलं नसतं.

मग त्याने हात धुतले. साबणाने, नीट.

मासे मरावेत असं त्याला वाटत नव्हतं. ठिपके यावेत, बस. अनिरुद्ध घाबरून फोन करेल, काय करू विचारेल, आणि मग दिशाला दिसेल कोणाला काय येतं ते.

पण फोन आलाच नाही. सुशांतच्या टाकीतले ठिपके मात्र हळूहळू गेले. औषधाचा कोर्स संपला तसा त्याने नवीन कार्बन टाकला आणि निळं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत काचेसारखं झालं. रिंगा दिशाच घेऊन आली, रिक्षातून, बादली मांडीवर धरून. ड्रेस भिजला होता. थर्मामीटर वाकून बघितला, "एकोणतीस," एवढंच म्हणाली आणि आत गेली. डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, ऑफिसचं टेन्शन.

फोन आला त्यानंतरच्या शनिवारी दुपारी.

"दोन गेले," अनिरुद्ध म्हणाला. "उरलेल्यांवर पण ठिपके आहेत. औषध चालू आहे, पण काही खरं नाही."

सुशांतने हे वाक्य किती दिवस तोंडात घोळवून ठेवलं होतं. "कार्बन काढलास ना?"

"काढला रे." अनिरुद्धचा आवाज बसला होता. "तू ये. दिशा इथेच आहे."

दिशा टाकीसमोर फरशीवर बसून रडत होती. आत निळ्या पाण्यात तिसरा आडवा झाला होता. चौथा त्याच्याभोवती फिरत होता. तिला असं रडताना बघून सुशांतच्या आत राहिलेलं सगळं वर आलं.

"माझे एंजल मेले तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हतं," तो म्हणाला. "ह्याच्या माशांसाठी एवढं?"

काकू आतल्या दारात थांबल्या. अनिरुद्धने मान खाली घातली.

"सांग त्याला," तो दिशाला म्हणाला. "आता लपवून काय करायचंय."

दिशाने ओढणीने तोंड पुसलं.

"उद्या तुझा वाढदिवस," ती म्हणाली. "तुझी टाकी बरी होईपर्यंत फक्त इथे ठेवले होते. तुझेच आहेत रे हे, पहिल्या दिवसापासून."