मागच्या सीटवरचा आवाज

"तिसऱ्यांदा आलेय मी, दादा. आता तरी तो आवाज सापडू दे," गाडीची काच खाली करत लेक म्हणाली. मागच्या सीटवर तिची म्हातारी आई पाय पोटाशी घेऊन, शाल पांघरून पडून होती. डायलिसिस आटोपून दोघी थेट गॅरेजवरच आल्या होत्या.

मेकॅनिक पार ओशाळला होता. इलेक्ट्रिक गाडी ही. इंजिनच नाही म्हटल्यावर बारीकसारीक कुरकुरसुद्धा लपत नाही, आणि तरी ही कुरकुर त्याला महिनाभर गुंगारा देत होती. पहिल्या खेपेला त्याने पुढच्या चाकांच्या दांड्या, म्हणजे लिंक, बदलल्या. दुसऱ्या खेपेला पुढचं सगळं सस्पेन्शन खोलून पुन्हा बसवलं. आवाज होता तिथेच. मागच्या चाकांचं काम तर महिन्यापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, म्हणून तिकडे तो फिरकलाही नव्हता.

"घरी हिचा डोळ्याला डोळा लागत नाही," लेक हळूच म्हणाली. "हॉस्पिटलमधून परत जाताना गाडीत पाऊण तास झोपायची, तेवढीच काय ती तिची झोप. आता प्रत्येक स्पीडब्रेकरला कर्र होतं आणि दचकून उठते. पुढूनच येतो आवाज, उजवीकडून."

"पुढून नाही," शालीतून कुणीतरी म्हणालं.

दोघांनी वळून पाहिलं.

"पण मला विचारतंय कोण? मी आपली सामानासारखी मागे पडलेली."

लेकीचा चेहरा एवढासा झाला. मेकॅनिकने मागचं दार उघडलं आणि तो दारापाशी उकिडवा बसला. "चुकलंच आजी. आता विचारतो. सांगा."

आजी उठून बसल्या. पदर नीट केला. असं कुणी समोर बसून त्यांना विचारलं त्याला बरेच दिवस झाले असावेत. "स्पीडब्रेकर चढताना काही नाही. उतरली की गाडी खाली बसते, मग परत वर येते ना, तेव्हा कर्र. इथे, माझ्या कमरेखाली, डाव्या अंगाला. आणि सकाळी जास्त. दुपारी ऊन खाल्लं की जरा नरमतं."

मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला. ऊन लागल्यावर नरमतं म्हणजे रबर! मागच्या डाव्या चाकाच्या सांध्यातला रबरी बुश त्यानेच बदलला होता, आणि त्या दिवशी कंबर धरली होती म्हणून उभ्याउभ्या, गाडी लिफ्टवर असतानाच, त्याचा बोल्ट आवळून टाकला होता.

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "चाक अधांतरी लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर तसंच धरलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की त्याला पीळ बसतो, आणि ते ओरडतं. आपलं ओझं घेऊन गाडी चार चाकांवर उभी असतानाच तो आवळायचा असतो. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलो."

गाडी गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. लेक आईला उतरवायला पुढे झाली, तसा तो म्हणाला, "त्यांना बसू दे. नेहमी जशी भरलेली असते तशीच हवी गाडी. आजी, तुमचं वजन हवंय."

आजींना हसू फुटलं. "ऐकलंस का गं? तिकडे दर खेपेला काट्यावर उभी करून रागावतात, किलोभर वाढलं, पाणी कमी प्या. आणि हे म्हणतात हवंय!" कितीतरी दिवसांनी आई अशी हसताना पाहून लेकीला भरून आलं. ती उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

मेकॅनिक खड्ड्यात उतरला. मागच्या डाव्या चाकापाशी टॉर्च धरली. रबर फाटलेलं नव्हतं, नशीब. बोल्ट सैल केला तसा पिळलेला बुश टक्कन सुटून जागेवर बसला.

"हीच ती जागा!" वरून आजी ओरडल्या.

त्याने पाना लावला आणि सावकाश, कमरेची पर्वा न करता, बोल्ट आवळला.

मग लेकीच्या शेजारी बसून तो चक्कर मारायला निघाला. बाहेर तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, ती बघत राहिली. पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी चढली, उतरली, खाली बसून वर आली. काही नाही. दुसरा, तिसरा. काही नाही.

"आजी, वाजलं का?" त्याने न वळताच विचारलं.

लेकीने आरशात पाहिलं. आईची मान एका बाजूला कलली होती. लेकीने घाबरून हाक मारली, "आई?"

"ऐकतेय गं मी," आजी डोळे न उघडता पुटपुटल्या, आणि पुढच्याच क्षणी घोरू लागल्या.

गॅरेजचं फाटक दिसू लागलं तसं लेकीने वेग कमी करून वळण्याचा इंडिकेटर दिला. टिक टिक, टिक टिक. गाडीत आता तेवढाच आवाज होता.

मेकॅनिकने हात लांब करून इंडिकेटर बंद केला आणि बोटाने समोरचा सरळ रस्ता दाखवला.