दोन्ही रकाने कोरे

पट्टीवर दोन्ही रकाने कोरे आले. एक कोरा यायलाच हवा होता. त्यातल्या पेशींना नवं औषध दिलं होतं. दुसऱ्यातल्या पेशींना काहीच दिलेलं नव्हतं. तिथे काळी रेघ उमटायलाच हवी होती, काजळाचं बोट ओढल्यासारखी ठसठशीत. तिने यंत्राचं झाकण उघडलं, पट्टी सारखी केली, पुन्हा फोटो काढला. फरक शून्य.

पेशी दोन्हीकडे तिच्या थोरल्या भावाच्याच होत्या. त्याच्या रक्तातलं एक प्रथिन बिघडलं होतं. धडधाकट पेशीत ते गरजेपुरतं जागं होतं, दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा ठसा मारतं, म्हणजे ‘वाढा’ असा हुकूम सोडतं, आणि गप्प बसतं. पाठोपाठ पुसणारं प्रथिन येऊन ठसा पुसून टाकतं. ठसा असला तरच पट्टीवर काळी रेघ उमटते. मारणारा आणि पुसणारा, या दोघांच्या ओढाताणीवर पेशीचा संसार चालतो. दादाच्या पेशींतला मारणारा गप्प बसायचंच विसरला होता, म्हणून हा रक्ताचा कर्करोग. जुन्या गोळीला तो आवरेनासा झाला. नव्या गोळीला आवरेल का, हे बघायला रुग्णालयाने रक्त या प्रयोगशाळेत पाठवलं, आणि हे काम तिने हट्टाने मागून घेतलं.

पहिल्या वेळी रक्त एवढंसंच आलं होतं. तिने ते सगळं औषध दिलेल्या नमुन्यात घातलं; शेजारी ताडून बघायला काही उरलं नाही. पट्टी कोरी आली तेव्हा ती उभ्या जागी रडली आणि दादाला फोन लावला. “दादा, ब्रेक लागला!” दादा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून त्याच्या भाषेत. रुग्णालयाने अस्थिमज्जा बदलायचं सुचवलं होतं, मज्जा देणारा माणूसही मिळाला होता; पण तो विषय निघाला की दादा उठून जायचा. त्या फोननंतर त्याने रुग्णालयाला सरळ नकार कळवला. वहिनी नको नको म्हणत होती, तरी कळवला.

“आनंद मलाही झालाय गं,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “पण औषध न दिलेल्या पेशी शेजारी ठेवून दाखव. त्याशिवाय मी सही करायची नाही.”

आता त्या तिच्या खांद्यावरून पट्टी बघत होत्या. “द्रावण कुठलं घेतलंस?”

पेशी फुटली तरी पुसणारा थांबत नाही. घर कोसळलं तरी हा आपला फडकं मारतच बसतो. म्हणून पेशी फोडायच्या द्रावणात त्याला थोपवणारं रसायन घालावं लागतं, आणि ते घातलेल्या बाटलीच्या झाकणाला इथे लाल फीत चिकटवतात. ती फ्रिजपाशी गेली. तिची रोजच्या कामाची बाटली नेहमीच्या कप्प्यात, नेहमीच्या जागी होती. झाकणाला फीत नव्हती. मागे तशीच दुसरी बाटली होती, तिला होती.

“मागच्या वेळीही हीच?”

“हीच, मॅडम. हात सवयीने गेला.”

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पक्का निकाल आज लागणार म्हणून दादा खाली येऊन थांबला होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून गाडीची किल्ली बोटात फिरवत होता. शर्ट त्याच्या अंगावर दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा लोंबत होता.

“काय गं शेंडेफळ, तोंड का असं? नापास झालो की काय?”

“दादा, ती पट्टी खोटी होती.” ती त्याच्या शेजारी बसली. “औषधाविनाही कोरीच येतेय. ठसे माझ्या बाटलीतच पुसले गेले. मी चुकीची बाटली घेतली.”

दादाच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली.

“म्हणजे गाडी थांबली की शिकाऊ पोराला वाटतं आपणच थांबवली, आणि माझ्या पायाखालचा ब्रेक मी दाबलेला असतो. तसं?”

“तसंच.”

“मग पोराला ब्रेक मारता येतो की नाही?”

“माहीत नाही. येतही असेल. पुन्हा करून बघावं लागेल. पण तू आत्ताच्या आत्ता रुग्णालयात फोन कर. मज्जा देणारा तो माणूस...”

“त्याने नाव काढून घेतलं. आपण नाही म्हटल्यावर तो कशाला ताटकळत बसेल?” दादाने किल्ली खिशात टाकली. “आणि दुसरा मिळेपर्यंत मी दम धरायला हवा.”

तिला तिथेच जमिनीने गिळावं असं वाटलं. “वहिनीला मी सांगते,” ती म्हणाली. “चूक माझी आहे.”

“अजिबात नाही. मी घाबरट. मी घाबरलो म्हणून नाही म्हटलं. तुझी पट्टी नसती तर दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं. तिला एवढंच कळू दे.”

हे खरं नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. तिने लगेच नाही म्हणायला हवं होतं. पण तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला शिसारी आली. तेवढ्यात दादाच्या खिशात फोन वाजला. वहिनीच होती. त्याने घसा खाकरला, बसल्या बसल्या ताठ झाला.

“हो, भेटली की. ही काय शेजारीच बसलीय... नाही गं, तसं काही नाही, अजून एकदा तपासणार आहेत... रक्त दुसरीकडे कशाला तपासायचं? आपलीच पोर करतेय ना. डोळे मिटून विश्वास ठेव.”