शेजारी जाणारी वीज

छपरावरच्या सौर पॅनलवर लख्ख ऊन होतं, तरी भिंतीवरच्या पडद्यावर निम्मीच वीज दिसत होती. शालिनीताईंनी पॅनल पुसून घेतले, सेन्सर उलटा बसलाय का तेही पाहिलं. दोष कुठेच नव्हता. शेवटी त्यांनी घरालाच विचारलं, "खरं सांग, बाकीची वीज जाते कुठे?"

"शेजारी," घर म्हणालं. "दमयंतीबाईंना ऑक्सिजनचं यंत्र लागलंय. त्यांची वीज पुरेना, म्हणून त्यांच्या घराने माझ्याकडे मागितली. जिवाचा प्रश्न असला की आम्ही घरं नाही म्हणत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव इथे काढायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतं."

कुंपणावरून भांडण झाल्यापासून शालिनीताईंचं दमयंतीशी बोलणं बंद होतं. दमयंती इतकी आजारी आहे, हेही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

"वीज थांबवू का?" घराने विचारलं.

"वेड लागलंय का तुला!"

चपला अडकवून त्या शेजारी गेल्या. दार दमयंतीनेच उघडलं. तिच्या नाकाला नळी होती. शालिनीताईंना पाहून ती कसनुशी झाली. "वीज तोडायला आलीस?"

"नाही गं," शालिनीताई म्हणाल्या, "बसायला आलेय."