वाढत्या पायाचा बूट

राजनंदिनीला बेसबॉलचे बूट घ्यायला सयाजीराव राजारामपुरीतल्या दुकानात आले, तेव्हा कोच अस्मिता मॅडमही सोबत होत्या. मॅडमनी राजनंदिनीच्या पायातल्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. तिथवर पाय पोचलाच नव्हता.

“दोन नंबर मोठा आहे, दादा. पळताना पडेल ती. उद्या जिंकलो तरच राज्य स्पर्धा आहे.”

“पप्पा, पाय आत फिरतोय,” राजनंदिनी म्हणाली.

“फिरू दे की. मोकळा ऱ्हातोय. वाढत्या पायाला मापाचा बूट घिऊन दुकानदाराचा बंगला बांधून द्यायचा व्हय?”

सयाजीरावांनी बुटाच्या टोकात कापूस कोंबला आणि विषय मिटवला.

दुसऱ्या दिवशी सामन्यात बरोबरी झालेली आणि शेवटची धाव राजनंदिनीकडे. ती फटक फटक करत पळाली, दोनदा पडता पडता सावरली आणि पाय पुढे करून होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या पाटीकडे, घसरत गेली. ती थांबते न थांबते तोच प्लेटमागच्या कॅचरनं चेंडू तिच्या गुडघ्याला लावला. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

पंच वाकले. बुटाचं टोक प्लेटवर होतं. त्यांनी ते दाबून पाहिलं, तर आत नुसता कापूस. अंगठा अजून दोन बोटं मागेच होता. पण चेंडू अंगाला लागायच्या आत बूट पोचला की नियमाला पुरे, अंगठ्याची चौकशी तो करत नाही.

“सेफ! धाव पूर्ण!”

पोरींनी राजनंदिनीला उचलून घेतलं. सयाजीराव मात्र हसेनात. बुटाकडे बघत हळूच म्हणाले,

“मॅडम, एक घोर लागलाय. फुडच्या वर्षी ह्यो बूट पोरीला मापात बसंल की वो.”